वायपर भर पावसात थांबतो आणि पाच मिनिटांनी आपोआप चालू होतो? मोटर बदलण्याआधी हे तपासा

तीन पावसाळ्यांत माझ्या गाडीच्या वायपरची मोटर दोनदा बदलून झाली. तिसऱ्यांदा तेच रडगाणं सुरू झालं तेव्हा मी गाडी गॅरेजला न देता रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः पाना घेऊन बसले. मी रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये काम करते, दिवसभर मोटरी आणि पॅनेल यांच्याशीच गाठ असते. तरी स्वतःच्या गाडीच्या बाबतीत दोन वर्षं दुसऱ्याचं ऐकत राहिले, याची थोडी लाजही वाटते. असो. हा त्रास ठाण्यात बऱ्याच जणांना होतो, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी लक्षण नीट सांगते. वाघबीळहून निघताना वायपर ठणठणीत. माजिवड्यापर्यंत काही नाही. कळवा पुलावर आल्यावर वाटायला लागायचं, की हा जरा दमला आहे. काचेवर वर जाताना बरा, खाली येताना रेंगाळतो. आणि विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली, जिथे आधीच पाणी साचून सगळे एका रांगेत पोहत असतात, नेमका तिथे दोन्ही वायपर काचेच्या मधोमध उभे. स्विच वरखाली केला, काही नाही. काच खाली करून डोकं बाहेर काढून कशीबशी गाडी ऐरोलीच्या बाजूला घेतली. फ्यूज काढून पाहिला, शाबूत. पाच-सात मिनिटं बसले आणि एकदम टक् आवाज होऊन वायपर स्वतःहून चालू! पुढे रबाळ्यापर्यंत काढलं कसंतरी. संध्याकाळी परत तोच प्रकार.

गॅरेजवाला म्हणाला, "ताई, मोटर गेली."

"दादा, मागच्या जूनमध्येच नवी टाकली ना?"

"हल्लीचा माल असाच येतो, ताई."

बरोबर वर्षाने पुन्हा तेच वाक्य ऐकलं. आमच्या तळमजल्यावर एक काका राहतात, खोपटच्या एसटी वर्कशॉपमध्ये नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांना हे सांगितलं तर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मोटर कशामुळे तापली, ते कोणी बघितलं का?" कोणीच बघितलं नव्हतं. मीही नाही.

मोटर मध्येच का थांबते?

वायपरची मोटर ही 12 व्होल्टवर चालणारी साधी डीसी मोटर. आत कायम चुंबक, मधे फिरणारं आर्मेचर (तारेच्या वेढ्यांचा गाभा). त्याच्या टोकाला स्क्रूसारखे आटे असतात (त्याला वर्म म्हणतात) आणि ते एका दातेरी चाकाला फिरवतात. मोटरच्या पन्नासेक फेऱ्या झाल्या की चाकाची एक फेरी होते. वेग कमी होतो आणि जोर वाढतो. त्या चाकाला क्रँक (गोल फिरणारा आखूड दांडा), क्रँकला दोन दांडे, दांड्यांच्या टोकाला दोन खुंट्या आणि खुंट्यांवर आपल्याला दिसणारे वायपर. मोटर एकाच दिशेने फिरत राहते, इकडून तिकडे जाणं हे सगळं दांड्यांचं काम.

आता समजा खुंटी तिच्या बुशमध्ये (ती ज्या नळीत फिरते तिच्यात) गंजून घट्ट झाली. मोटरला जास्त जोर लावावा लागतो. मोटरचा जोर म्हणजे करंट. जास्त जोर म्हणजे जास्त करंट, म्हणजे जास्त उष्णता. आणि मोटर पूर्णच अडली तर करंट नेहमीच्या कितीतरी पट होतो. मोटर जळून जाऊ नये म्हणून बऱ्याच मोटरींच्या आत दोन धातूंची जोडपट्टी बसवलेली असते. तापली की ती वाकते आणि वीज तोडते. गार झाली की सरळ होते, पुन्हा जोडते. मी ऐकलेला तो टक् आवाज बहुधा तिचाच. फ्यूज मात्र शाबूत राहतो, कारण पट्टीने त्याच्या आधीच काम केलेलं असतं. म्हणजे पाच मिनिटांनी आपोआप चालू होणारी मोटर बहुतेक वेळा बिघडलेली नसते, तिच्यावर कोणीतरी ओझं टाकलेलं असतं. मात्र वर्षभर असं ओझं ओढल्यावर ती खरोखरच जाते, आणि मग गॅरेजवाल्याचं निदानही चूक ठरत नाही.

इथे कोणी फ्यूज उडतो म्हणून 20 अँपिअरच्या पिवळ्याऐवजी 30 चा हिरवा टाकून देतात. हे करू नका. मग वायर तापते, आणि डॅशबोर्डच्या आतली वायर बदलणं हे वायपरपेक्षा फार मोठं प्रकरण आहे.

काचेखाली काय दडलं होतं

वायपरचे हात काढण्याआधी काचेवर ब्लेडच्या कडेने मास्किंग टेप चिकटवा, म्हणजे परत बसवताना अंदाजपंचे होत नाही. प्लॅस्टिकची टोपी काढली की खाली 13 किंवा 14 चा नट असतो. तो सैल केला तरी हात निघत नाही, कारण खुंटीवरच्या दात्यांत तो रुतलेला असतो. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, काच जाईल. नट शेवटच्या आट्यावर ठेवून हात डावी-उजवीकडे हलवत राहिलं की सुटतो. माझ्या गाडीचा डावा सुटायला अर्धा तास लागला. मग काचेखालची काळी जाळीदार पट्टी क्लिपा काढून उचलली.

आत चक्क कुंडी होती. आमच्या पार्किंगवर सोनमोहराचं झाड आहे. त्याची पिवळी फुलं आणि बोटाच्या पेराएवढी बारीक पानं जाळीतून आरामात आत जातात, आणि तीन वर्षांत कुजून त्यांची काळी माती झालेली. त्या पन्हळीच्या दोन्ही कोपऱ्यांना पाणी निघायची भोकं असतात. ती बंद. म्हणजे पावसाचं पाणी तिथेच साचत होतं आणि मोटरचा खालचा भाग, प्लग आणि अर्थिंगचा नट त्यात भिजत पडले होते. ज्यांच्या गाडीत डाव्या बाजूच्या मॅटखाली पावसाळ्यात ओल येते आणि एसी लावल्यावर कुबट वास येतो, त्यांनीही हीच भोकं आधी बघावीत. ब्लोअरची हवा इथूनच आत जाते, आणि पाणी चढलं की तेही त्याच वाटेने जातं.

भोकात जुना लांब केबल टाय घातला, दोनचार वेळा खालीवर केला, मग तांब्याभर पाणी ओतलं. पुढच्या चाकाजवळ धार पडली. काका खुर्ची टाकून शेजारी बसलेच होते. म्हणाले, "अजून एक तांब्या ओत." दुसऱ्या तांब्यात आणखी एक चिखलाचा गोळा बाहेर आला.

आता खरी परीक्षा. मोटरवरून क्रँकचा नट काढा आणि दांडे हाताने ढकलून पाहा. चांगलं लिंकेज (दांडे आणि खुंट्यांची ही जोडणी) एका बोटाने हलतं. माझं दोन हातांनी हलत होतं. उजवी खुंटी बरी होती, डावी ॲल्युमिनियमच्या बुशमध्ये गंजून बसलेली. वरची रबरी रिंग फाटली होती, तिथून पाणी आत. गंज सोडवणारा स्प्रे मारून, हलवत, परत मारून, वरची चकती काढून खुंटी बाहेर काढली, बारीक पॉलिश पेपरने घासली, बुश पुसला, पाण्यात टिकणारं ग्रीस भरलं. नुसता स्प्रे मारून सोडून दिलं तर आठवडाभर छान चालतं आणि पहिल्या मोठ्या पावसात परत ये रे माझ्या मागल्या. स्प्रे हे वंगण नव्हे. खुंटी बुशमध्ये डुगडुगत असेल तर मात्र घासत बसू नका, लिंकेजच बदला.

हे सगळं करताना किल्ली काढलेली आणि बॅटरीची काळी वायर सुटी हवी. स्विच चालू राहिला आणि ती आतली पट्टी गार होऊन जोडली गेली, तर दांडे सांगून फिरत नाहीत. बोट तुटू शकतं, अतिशयोक्ती करत नाही.

अर्थिंगची गोष्ट

खुंटी सापडल्यावर मी खूश होऊन सगळं बंद करणार होते. काका म्हणाले, मीटर आणलाच आहेस तर बघून घे. बरं झालं.

इंजिन चालू, वायपर चालू, काच ओली. बॅटरीवर 14.1 व्होल्ट. मोटरच्या प्लगवर फक्त 11.6. अडीच व्होल्ट वाटेत कुठेतरी गळत होते. कुठे, ते शोधायला मीटरची एक तार मोटरच्या अर्थला आणि दुसरी बॅटरीच्या काळ्या टोकाला लावली. 1.9 व्होल्ट! तिथे शून्याच्या आसपास असायला हवं, दोन-तीन दशांश चालतात. म्हणजे गळतीचा मोठा वाटा परतीच्या वाटेवर होता. बॉडीला जो नट लावून अर्थ दिलेला असतो त्याखाली हिरवट पांढरा गंज होता. नट काढला, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरचं टोक बदललं, वरून ग्रीस फासलं. परत मोजलं तर 0.1, आणि प्लगवर 13.4. करंट मोजायचा क्लँप मीटर कंपनीतून आणला होता, त्यावर आधी 9 अँपिअर दिसत होते, खुंटी मोकळी झाल्यावर 4.

खुंटी आणि अर्थ यांची ही जोडगोळी होती. अर्थ खराब, म्हणून मोटरला व्होल्टेज कमी, म्हणून अडलेली खुंटी ढकलायला तिच्याकडे राखीव जोरच नव्हता. एकच दुरुस्त केलं असतं तर पुढच्या वर्षी पुन्हा इथेच बसले असते. नव्या मोटरी वर्षभर चालल्या, कारण नवी मोटर जरा जास्त सहन करते, बस्स.

साधं मल्टीमीटर ज्यांच्याकडे आहे त्यांनी हे एवढं एक माप तरी घ्याच. नुसतं "प्लगमध्ये करंट येतोय" म्हणून टेस्टर लॅम्प लावून उपयोग नाही. दिवा थोड्या करंटवरही पेटतो, मोटर मात्र अडतेच.

वेग आणि जागेवर परतणं

काही जणांचा त्रास वेगळा असतो. हळू चालतो पण जोरात नाही, किंवा उलट. मोटरमध्ये तीन ब्रश (फिरत्या आर्मेचरला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) असतात. दोन समोरासमोर, हळू वेगासाठी. तिसरा थोडा बाजूला सरकवलेला. फिरणारी मोटर स्वतःही विजेचा उलटा दाब तयार करते आणि तोच तिच्या वेगाला लगाम घालतो. तिसऱ्या ब्रशमधून वीज दिली की हा उलटा दाब आर्मेचरच्या कमी वेढ्यांत तयार होतो, म्हणून मोटर अधिक वेगाने फिरते. पण त्या बदल्यात जोर कमी मिळतो. म्हणून खुंटी घट्ट असेल तर वायपर जोरात ठेवल्यावर लवकर थांबतो, हळू ठेवल्यावर तग धरतो. माझंही असंच होत होतं, तेव्हा उमगलं नाही. दोनपैकी एकच वेग पूर्ण मेला असेल, आणि प्लगवर त्या वेगाची वीज येत असेल, तर मात्र ब्रश गेला. प्लगवर वीजच नसेल तर स्विच किंवा वायर बघा, मोटरला हात लावू नका.

वायपर बंद केल्यावर मधेच थांबत असेल तर त्याचं गणित मला फार आवडतं. स्विच बंद केला तरी मोटर लगेच थांबत नाही. त्या दातेरी चाकावर तांब्याची एक चकती असते, तिला एका जागी खाच. चकतीवर टेकलेल्या पट्टीतून मोटरला वीज मिळत राहते, वायपर खालपर्यंत येतो, तिथे खाच येते आणि वीज तुटते. एवढ्यावर भागत नाही, कारण मोटर धावत असते, ती पुढे निघून जाईल. म्हणून खाचेपाशी मोटरचं वीज येणारं टोकही अर्थला जोडलं जातं. दोन्ही टोकं अर्थवर आली की फिरणारी मोटर जनरेटर होते आणि स्वतःलाच ब्रेक लावते. गप्पकन थांबते.

म्हणून, स्विच बंद करताच वायपर आहे तिथेच थांबला तर चकतीकडे जाणारी कायमची वीज येत नाही किंवा चकतीवर काजळी आहे. आणि बंद करूनही फेऱ्या मारतच राहिला, तर ब्रेक लागत नाही. तिथेही अर्थ बघा, किंवा रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) चिकटलेला असेल. नव्या गाड्यांत रिलेचं काम बॉडी कंट्रोल मॉड्यूल नावाचा छोटा कॉम्प्युटर करतो. तिथे अंदाजाने काही बदलण्याआधी स्कॅनर लावून घेतलेला बरा. वायपर चालू असताना किल्लीच बंद केली आणि तो मधे थांबला, तर बऱ्याच गाड्यांत तो बिघाड नसतो, तुम्ही त्याची वीज काढून घेतलीत.

जोडताना हीच गोष्ट अडचणीत आणते. मोटर आधी मोकळी चालवून, स्विचने बंद करून तिच्या जागेवर येऊ द्या, मगच क्रँक बसवा आणि नंतर हात. मी पहिल्यांदा उलट केलं आणि उजवा वायपर पहिल्याच फेरीत ए-पिलरवर, म्हणजे काचेच्या कडेच्या खांबावर आपटला. काका काही बोलले नाहीत, फक्त चहाचा कप खाली ठेवला.

एक वायपर चालतो आणि दुसरा पडून राहतो, तिथे मोटरचा काहीही संबंध नसतो. हाताचा नट सैल झालाय, किंवा दांड्याच्या टोकाची नायलॉनची वाटी गोळ्यावरून निसटली आहे. रस्त्यात असाल तर केबल टायने आवळून घरी पोचता येतं.

ब्लेडबद्दल फार लिहीत नाही. थरथरत असेल तर आधी काच डिशवॉशने धुवा, धुलाईवाल्याने फासलेलं मेण निघतं. उन्हात वर्षभर उभ्या गाडीचं रबर मे महिन्यातच कडक झालेलं असतं, ते पावसाआधी बदला. कोरड्या काचेवर वायपर मारू नका, त्याचंही ओझं मोटरवरच.

पिचकारी येत नाही

आमच्या घोडबंदर पट्ट्यात वॉशरच्या, म्हणजे काचेवर पाणी मारणाऱ्या पिचकारीच्या तक्रारींचं मूळ बरेचदा टँकरच्या पाण्यात असतं. शिवाय अनेक घरांत आरओचं वाया जाणारं पाणी साठवून ते गाडीच्या बाटलीत ओततात. मीही ओतायचे. पाणी वाचवतोय याचं समाधान. पण आरओने गाळून बाजूला काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. नोझलच्या टाचणीएवढ्या भोकात ते वाळतात आणि पांढरा खडा तयार होतो. त्यापेक्षा एसीच्या पाइपातून ठिबकणारं पाणी फडक्याने गाळून घाला, त्यात क्षार जवळपास नसतात. साबणाची पावडर नको, तिचा गाळ बसतो आणि फेस काचेवर वाळतो. वॉशरचं तयार द्रावण मिळतं ते पुरेसं आहे. आणि इंजिनचा कूलंट चुकूनही नको.

तपासायचं कानाने. इंजिन बंद, किल्ली चालू, स्टिअरिंगजवळची वायपरची दांडी ओढा. पुढून बारीक गुणगुण ऐकू येते का? येत असेल तर पंप जिवंत आहे, पाणी वाटेत अडलंय. बॉनेट उघडून नोझलजवळची नळी काढा आणि परत दांडी ओढा. नळीतून धार आली तर नोझल तुंबलंय. सुई हलक्या हाताने घाला, नाहीतर धारेची दिशा बदलून मागच्या स्कूटरवाल्याला आंघोळ घडते. धार आलीच नाही तर नळी मागे मागे तपासत जा. बॉनेटच्या बिजागरीपाशी ती वाकून वाकून चिरते. आमच्याकडे मात्र ती उंदराने कुरतडली होती, दातांच्या खुणांसकट.

गुणगुण नाहीच, तर फ्यूज, मग पंपाचा प्लग. पंप छोटा असतो, बाटलीच्या तळाला रबरी ग्रोमेटमध्ये (रिंगमध्ये) दाबून बसवलेला. बऱ्याच गाड्यांत तो पुढच्या चाकाच्या आतल्या प्लॅस्टिक आवरणामागे मिळतो. बाटली रिकामी असताना दांडी ओढून धरू नका, आतली सील पाण्यावरच ओली राहते. ग्रोमेट कडक झालं असेल तर पाणी रात्रीतून गळून जातं आणि आपल्याला वाटतं पंप गेला.

हॅचबॅकवाल्यांना एक जास्तीचं सांगायचं आहे. अनेकांत पुढच्या आणि मागच्या काचेला एकच पंप असतो. तो सरळ फिरला की पुढे, उलटा फिरला की मागे. पुढे पाणी येतं आणि मागे नाही, एवढ्यावरून पंप बदलू नका. मागची नळी छताच्या अस्तरातून जाते, आणि सांधा निसटला असेल तर पाणी डिकीत उतरतं. काही गाड्यांत ती मागच्या वायपरच्या खुंटीच्या पोकळीतूनच बाहेर येते. तिथली रिंग गेली की प्रत्येक पिचकारीचं थोडं पाणी मागच्या मोटरमध्ये. माझी मागची मोटर गेल्या महिन्यापासून कुरकुरते आहे. येत्या रविवारी ती उघडायची आहे, काकांनी खुर्ची काढून ठेवलीच आहे.